स्किड बदलल्यावर हेली जमिनीवर नाचते, उचलताना कलंडते: काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

पाऊस गेला, कोकणात सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत वाळायला लागलं की दरवर्षी हे सुरू होतं. चार महिने माळ्यावर पडलेली हेली, म्हणजे रिमोटवर उडवायचं मॉडेल हेलिकॉप्टर, खाली येते, मधल्या काळात कुणी उंच स्किड (हेली ज्यावर उभी राहते ते खालचे दोन पाइप) लावलेले असतात, कुणी कॅमेऱ्यासाठी पाय वाढवलेले असतात, आणि पहिल्याच स्पूल अपला (रोटर वेगात आणताना) हेली अंगात आल्यासारखी करते. मग सगळे जायरोच्या (हेली स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरच्या) मागे लागतात, त्याचा गेन (किती जोरात सावरायचं ते) कमी करतात, वाढवतात, कुणी नवीन हेडच (ब्लेड धरणारा वरचा भाग) मागवतो. अशा बऱ्याच हेली माझ्या टेबलावर येऊन गेल्यात, आणि बहुतेक वेळा खोट जायरोत नव्हती, जमीन आणि फ्रेम यांच्या मधे होती. म्हणून तपासणी खालून वर करायची, आधी जमीन, मग स्किड, मग फ्रेम, आणि हेड सगळ्यात शेवटी. खाली जे लिहिलंय ते ४५० ते ६०० साइजच्या इलेक्ट्रिक, दोन ब्लेडच्या हेलींसाठी आहे.

लक्षणं आधी बघा, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते कळेल.

१. ब्लेड अजून हळू फिरतायत तेवढ्यात हेली डावी-उजवी हलायला लागते, हलणं वाढत जातं, शेपूट जमिनीवर आपटते. आरपीएम पूर्ण आला की एकदम शांत. ब्लेड थांबवताना परत तेच.

२. उचलताना एक स्किड जमिनीला चिकटून राहतो आणि हेली त्याच्यावरच आडवी होते.

३. बॅटरी लावली, पण जायरो तयारच होत नाही, दिवा लुकलुकत राहतो. घरात होतो, बाहेर वाऱ्यात होत नाही.

४. स्ट्रट (स्किडचे पाइप फ्रेमला जोडणारा पाय) दर वेळी त्याच जागी मोडतो.

५. हवेत सगळं ठीक, पण उतरल्यावर काठीवर ठेवलेल्या मडक्यासारखी डुलते.

आणि एक गोष्ट जी खोट नाहीच. होव्हरमध्ये (हवेत एका जागी असताना) हेली किंचित उजवीकडे झुकलेली दिसते आणि उतरताना उजवा स्किड आधी टेकतो, यावर लोक फार डोकं खपवतात. आपल्या बहुतेक मॉडेलचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्याचा पीळ मारायला टेल रोटर हेलीला डावीकडे ढकलतो, आणि ते ढकलणं भरून काढायला मेन रोटर थोडा उजवीकडे कलतो. हे असंच असणार. यासाठी उजवा स्ट्रट लहान-मोठा करत बसू नका.

हात लावण्याआधी: बॅटरी बाहेर, ब्लेड काढलेले. इलेक्ट्रॉनिक्स चालू ठेवून काही बघायचं असेल तर मोटरच्या तिन्ही वायर सोडा नाहीतर पिनियन (मोटरचं छोटं दातेरी चक्र) मागे घ्या. ६०० साइजचा रोटर टोकापासून टोकापर्यंत १.३५ मीटरच्या आसपास असतो, २००० आरपीएमला त्याचं टोक ताशी ५०० किलोमीटरच्या घरात जातं, "जरा हळू फिरवून बघू" म्हणून घरातल्या हॉलमध्ये हे करायचं नाही, पडवीत पण नाही.

जागा बदलून बघा (खर्च शून्य)

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच आणि हीच कुणी करत नाही. जांभ्या कातळावर नाचणारी हेली आखूड गवतावर ठेवा. गवतावर शांत राहिली तर खोट स्किडची आणि जमिनीची आहे, वर हात घालायची गरज नाही. दोन्हीकडे तशीच नाचली तर मात्र वरचा भाग संशयित. एवढ्या एका गोष्टीने अर्धा शोध संपतो.

का होतं ते थोडक्यात. स्किडवर उभ्या असलेल्या हेलीला स्वतःची एक डुलायची गती असते. रोटर शून्यापासून वर जाताना कधीतरी त्याच गतीतून जातो, आणि त्यात थोडाही असमतोल असला तर प्रत्येक फेरीला नेमका त्याच वेळी धक्का बसतो. म्हणूनच पूर्ण आरपीएमला सगळं शांत होतं, कारण रोटर त्या गतीच्या बराच पुढे निघून गेलेला असतो. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये ग्राउंड रेझोनन्स (जमिनीवर असताना डुलणं वाढतच जाणं) म्हणतात तो मुख्यतः तीन किंवा जास्त ब्लेडच्या, बिजागरीवाल्या रोटरचा आजार. आपल्या दोन ब्लेडवाल्याचं नाचणं तंतोतंत तेच नाही, पण गोत्र एक. स्केल बॉडीत तीन-चार ब्लेडचं हेड लावलं असेल तर जास्तच जपा.

आता स्किड उंच केले, लवचिक केले, की ही डुलायची गती खाली येते, आणि जी गडबड आधी कधी जाणवत नव्हती ती बरोबर स्पूल अपच्या वाटेत येऊन बसते. कातळ मुळीच दबत नाही, त्यावर चार ऐवजी तीनच ठिकाणी स्किड टेकले की हेली डगमगणारच. कापणी झालेल्या भाताच्या शेतात उलटा त्रास, तिथे धसकटात स्किडचं टोक अडकतं आणि वरचं दुसरं लक्षण दिसतं. पुळणीवर तर नकोच. वाळू उडून बेअरिंगमध्ये जाते, मिठासकट जाते, आणि मग जे खराब होतं ते स्किडपेक्षा महाग असतं.

मी स्वतः दोन बाय तीन फुटाची प्लायची फळी नेतो, वर गाडीतलं जुनं रबरी मॅट चारी कडांना पक्कं ठोकलेलं. काथ्याचं पायपुसणं वापरू नका. स्वस्त आणि घरात असतं म्हणून सगळ्यांना आधी तेच सुचतं, पण स्क्रूचं डोकं काथ्यात अडकलं की उचलताना हेली तिथेच फिरकी घेते. आणि मॅट सुटं टाकायचं नाही, रोटरच्या वाऱ्याने कड वर आली तर ब्लेडमध्ये जाते.

हाताने हलवा, स्क्रू बघा

हेली टेबलावर ठेवा, एका हाताने स्किड दाबून धरा, दुसऱ्या हाताने रोटर हेड धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. कान द्या. टिकटिक आवाज आला तर काहीतरी ढिलं आहे. स्ट्रट फ्रेमला जिथे लागतो तिथे बोट ठेवून परत हलवा, फट उघडझाप होते ती बोटाला डोळ्याआधी कळते.

स्ट्रटमधून पाइप जातो तिथे बारीक ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू असतात. ते पाइपला धरतात की नुसते आत बसलेत ते पाइप पिळून बघा. प्लॅस्टिकच्या स्ट्रटमध्ये हे स्क्रू कोरडेच लावायचे. थ्रेड लॉकर फक्त धातूला धातू असेल तिथे, आणि तोसुद्धा निळा, लाल नाही. प्लॅस्टिकवर पडला तर काही जातीचं प्लॅस्टिक तडकतं, आणि मग "मी तर घट्ट बसवला होता तरी मोडला कसा" असं होतं. धातूवर लावायच्या आधी स्क्रू स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर तेलावर तो धरत नाही. लावून लगेच उडवायला जाऊ नका, एक दिवस जाऊ दे.

आपल्याकडचा खास विषय गंज. काळे स्टीलचे स्क्रू खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबडे होतात, त्यांच्या डोक्यातला षटकोन झिजतो आणि घट्ट झाल्यासारखं वाटतं पण घट्ट झालेलं नसतं, एल-की नुसती सरकलेली असते. स्किडचे तेवढे स्क्रू स्टेनलेसचे करून टाका, खर्च किरकोळ आहे. हेडचे आणि ब्लेडचे बोल्ट मात्र बदलायचे नाहीत. साधं स्टेनलेस त्या जातीच्या स्टीलपेक्षा कमजोर असतं. तिथे कंपनीचेच बोल्ट.

अजून एक बघा, कार्बनची फ्रेम किंवा कार्बनचे पाइप आणि त्याला चिकटून अॅल्युमिनियम, असा जोड असेल तर तिथे पांढरी भुकटी दिसते का? खाऱ्या ओलाव्यात कार्बन आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. भोक मोठं होतं, स्क्रू कितीही पिळा, ढिलाच. भुकटी घासून काढा, मधे हीट श्रिंकचा (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा) तुकडा किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या.

फरशीवर ठेवून बघा

सपाट लादी शोधा, जुन्या घरातली शेणाने सारवलेली जमीन किंवा अंगण चालणार नाही. हेली ठेवा आणि स्किडच्या चारी टोकांखालून वहीचा कागद सरकवून बघा. तीन ठिकाणी अडकला आणि चौथ्या ठिकाणी आरामात गेला तर स्किड पिळलेले आहेत. बहुतेक वेळा स्ट्रटचे चारही स्क्रू अर्धा फेरा ढिले करून, हेली फरशीवर दाबून धरून, कर्णात एक आड एक घट्ट केले की काम होतं. नाही झालं तर पाइप वाकलाय.

इथे एक गैरसमज. बरेच जण स्किडवर स्पिरिट लेव्हल ठेवतात आणि त्याच्याशी जुळवायला स्वॉशला (हेडखालची, कलून ब्लेडचा कोन बदलणारी तबकडी) सबट्रिम देतात, म्हणजे रिमोटवरून तिची मूळ जागा सरकवतात. स्वॉश मेन शाफ्टशी (रोटरच्या उभ्या दांड्याशी) काटकोनात हवा, त्याचा स्किडशी काही संबंध नाही. स्किड वाकडे असताना स्वॉश बिघडवलात तर आता दोन खोटी झाल्या, आणि दुसरी शोधायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागतो.

उंची वाढवलीय? मग रुंदी पण

इथे जरा थांबून हिशोब करा, कारण मॉडिफिकेशनमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. समजा हेलीचा सीजी (गुरुत्वमध्य) जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर आहे आणि दोन स्किडमधलं अंतर २० सेंटीमीटर. म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला १०. अशी हेली साधारण ३४ अंशांपर्यंत कलली तरी परत उभी राहते. आता फक्त ५ सेंटीमीटर उंची वाढवली, रुंदी तीच ठेवली, तर तो कोन २७ अंशांवर येतो. आधीएवढीच स्थिर हवी असेल तर रुंदी २७ सेंटीमीटरच्या आसपास न्यावी लागते. हे उभ्या हेलीचं झालं. उचलताना स्किड अडकला तर रोटरचं बळ पण त्याच बाजूला कलंडवतं, त्यामुळे प्रत्यक्षात याच्याही आधी आडवी होते.

पण नुसते पाय फाकवले, लांब आणि बारीक ठेवले, तर ते लवचिक होतात आणि नाचणं वाढतं. मग मधे एक आडवी पट्टी द्या, पुढच्या दोन स्ट्रटना जोडणारी एक, मागच्यांना एक. सामान शोधायला मुंबईला जायला नको. जुन्या टीव्ही अँटेनाचे अॅल्युमिनियमचे पाइप कॅलिपरने मोजून घ्या, स्ट्रटच्या भोकात बसणारा सापडतो. शिकाऊ लोकांसाठी चारी बाजूंना काठ्या लावतो त्याला मोडलेल्या गळाच्या काठीचे फायबरचे तुकडे एक नंबर, आणि टोकाला पिंगपाँगच्या चेंडूऐवजी जाळ्याचे छोटे फोमचे बोये लावा. चेंडू कातळावर फुटतात, बोया फुटत नाही आणि गवतात अडकत पण नाही. झिप टायने बांधा, टायची शेपटी मुळाशी कापा, नाहीतर तीच गवतात अडकते.

कार्बन कापताना मास्क लावा आणि पाणी मारत कापा. ती धूळ छातीत जायला नको, आणि ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) पण पडायला नको कारण तिच्यातून वीज वाहते. रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या स्किडला चिकटवून नेऊ नका, कार्बन सिग्नल अडवतो.

स्किड बदलल्यावर सीजी पुन्हा बघायचा. बॅटरीसकट हेली हेडला धरून उचला, नाक फार खाली किंवा वर जात असेल तर बॅटरी सरकवा. सीजी पुढच्या आणि मागच्या स्ट्रटच्या मधे पडला पाहिजे, अगदी पुढच्या स्ट्रटवर आला तर उतरताना नाकावर जाणार.

नायलॉनचे स्ट्रट

चौथं लक्षण, त्याच जागी मोडणं. नायलॉन हवेतलं पाणी पितं. आपल्या पावसाळ्यात ते मऊ, लवचिक होतं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तीच हेली मे महिन्यापेक्षा जास्त डुलते. उलट उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर पडून सुकलं, किंवा वर्षानुवर्षं ऊन खाल्लं, की ठिसूळ होतं आणि टकदिशी तुटतं. सुकून ठिसूळ झालेले स्ट्रट दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळले तर पुन्हा चिवट होतात, जुना उपाय आहे, चालतो. (घरातल्या टोपात नको, रंगाचा जुना डबा घ्या, घरात शांतता राहते.) उन्हाने पांढुरके पडलेले असतील तर मात्र उकळून उपयोग नाही, फेकून द्या. सुपरग्लूने जोडलेला स्ट्रट परत वापरायचा नाही, तो जोडाच्या बाजूलाच तुटतो.

लवचिक झालेत म्हणून एकदम कडक धातूचे स्ट्रट लावायचा मोह होतो. लावा, पण मग आपटल्यावर स्ट्रट मोडण्याऐवजी फ्रेमची भोकं फाटतात. स्ट्रट हा स्वस्तात मोडायचा भाग आहे, त्याला मोडू द्या. नाचणं कमी करायला त्याआधी पाइप आणि स्ट्रटच्या मधे सायकलच्या ट्यूबचा एक वेढा देऊन बघा. रबर धक्का जिरवतं, बऱ्याच हेली तेवढ्यावर गप्प बसतात.

ब्लेडचे बोल्ट

जागा बदलून पण नाचते, स्किड घट्ट आहेत, सपाट आहेत. आता वर जा. ब्लेड लावून हेली आडवी धरा, ब्लेड जमिनीला समांतर. ब्लेड आपल्या वजनाने पडायला नको, पण हेलीला हलका झटका दिला की पडायला हवा. फार ढिला असेल तर सुरू होताना एक ब्लेड मागे राहतो आणि असमतोल होतो, फार घट्ट असेल तर फिरताना दोन्ही ब्लेड आपापली सरळ रेष पकडू शकत नाहीत. दोन्ही ब्लेड सारखेच घट्ट हवेत. पहिल्या लक्षणावर इथेच पुष्कळ वेळा उत्तर मिळतं, आणि खर्च एल-कीचा.

ईएससीचा सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेगात आणणं) फार हळू ठेवला असेल तर रोटर त्या डुलण्याच्या गतीत रेंगाळतो. थोडा जलद करून बघा. एसटी स्टँडवर उभी असते तेव्हा काचा खडखडतात आणि वेग घेतला की गप्प होतात, तसंच.

जायरो

आता जायरो. तिसरं लक्षण असेल तर खोट जायरोची नसतेच बहुतेक. सुरू होताना त्याला काही सेकंद एकदम स्थिर हेली लागते, आणि दुपारी खारा वारा सुटला की उंच, मऊ स्किडवरची हेली सतत डुलत असते. वाऱ्याला आड उभे राहा, ब्लेड धरा, होतं. शक्य असेल तर सकाळीच उडवा, मतलई पडून खारा सुटायच्या मधली वेळ सगळ्यात चांगली.

जायरोखालची चिकटपट्टी बघा, दमट उन्हाळ्यात ती चिकट लापशी होते आणि जायरो स्वतःच हलायला लागतो. बदला. वायर ताणलेल्या नकोत. जमिनीवर असताना स्टिक हलवत बसू नका, एफबीएल युनिट (जायरोसकटचं नियंत्रण सर्किट) हेली कलत नाही असं बघून स्वॉश अजून कलवत जातं आणि उचलल्या उचलल्या हेली त्या बाजूला पडते. दुसऱ्या लक्षणाचं हे एक मोठं कारण आहे. गेन कमी करणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, थोडा कमी करा, आणि हवेत हेली सैल वाटली तर परत जागेवर आणा.

हेड आणि शाफ्ट

हे जमत असेल तरच. ग्रिप (ब्लेड धरणारे भाग) उतरवून स्पिंडल (दोन्ही ग्रिपमधला आडवा दांडा) काचेवर लोळवा, खालून प्रकाशाची फट उघडझाप झाली तर वाकलाय, सरळ करायचा नाही, नवीन घालायचा. मेन शाफ्टचं तसंच. डॅम्पर (स्पिंडलभोवतीचे रबर) दाबून बघा, कडक झाले किंवा चुरा व्हायला लागला तर जोडीने बदला. सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं, आणि खोबरेल तर अजिबात नको, लोक लावतात म्हणून सांगतोय.

कधी थांबायचं

नाचणं सुरू झालं की लगेच थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा रिमोटवरचा स्विच), जवळ जायचं नाही, हाताने धरायला तर कधीच नाही. "जरा पुढे नेऊन बघतो, होईल शांत" हे करू नका, ब्लेड शेपटीच्या बूमला लागला की सगळंच जातं.

फ्रेमच्या कार्बनमध्ये तडा किंवा थर सुटलेले, ब्लेडच्या मुळाशी चीर, बेअरिंग खरखरतंय आणि काढायला प्रेस नाही, स्पिंडल नवा घालून पण थरथर तशीच, मोटर किंवा ईएससी वास मारतेय, बॅटरी फुगलीय, यातलं काहीही असेल तर तिथेच थांबा आणि अनुभवी माणसाकडे किंवा हॉबी शॉपच्या टेक्निशियनकडे द्या. ६०० किंवा मोठी हेली असेल आणि स्किडपासून ब्लेडच्या बोल्टपर्यंत सगळं करून पण नाचत असेल तरी तेच. गावातला लेथवाला पाइप आणि पट्ट्या छान करून देईल, पण मेन शाफ्ट त्याच्याकडून सरळ करून घेऊ नका, डोळ्याला सरळ दिसला तरी त्या आरपीएमला तो सरळ नसतो.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या सड्यावर, माणसं आणि गुरं लांब. रत्नागिरी किंवा चिपी विमानतळाच्या आसपास असाल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघून घ्या.

मुंबई-पुण्याला पाठवायची असेल तर ब्लेड काढून वेगळे गुंडाळा, जुने आणि नवे दोन्ही स्किड पाठवा, कातळावरच्या आणि गवतावरच्या स्पूल अपचा लांबून काढलेला व्हिडिओ सोबत द्या, त्यावरून समोरच्याचा निम्मा वेळ वाचतो. बॅटरी खोक्यात टाकू नका, ती घरीच राहू दे.